डबी टिंब मालक टिंब घर

आधी एक कोडं.

स्टीलची एक छोटी डबी आहे. तिच्यावर कोरलंय : ‘चि. प्रभाकर याच्या बारशानिमित्त दत्तोबा शेलार यांजकडून, ह. यमूताई.’ सांगा, डबी कोणाची?

प्रभाकरची म्हणालात तर चूक. दत्तोबांची म्हणालात तर माझ्यासारखी चूक. ‘ह.’ म्हणजे हस्ते, म्हणजे ज्या बाईंनी डबी नेऊन दिली त्या यमूताईंची म्हणालात, तर तुम्ही विचार न करता बोलता, आणि आपलं चांगलं जमेल.

मला बरोबर उत्तर सोमवारी दुपारी तीन चाळीसला हवं होतं. पाचच्या आत. नाहीतर चंद्रावरचं दही संपणार होतं.

आता थोडं मागे जाते, पण भराभर, कारण ही गोष्ट घाईची आहे.

माझं नाव गोदावरी. वय बारा. चंद्रावर एकही नदी नाही, म्हणून इथे मुलींना नद्यांची नावं ठेवतात. माझ्या वर्गात दोन कृष्णा आहेत आणि एक तापी. आमची वसाहत चांदवाडी. जमिनीखाली सात मजले, एकशे अठरा घरं. येताना माणशी बारा किलो सामान आणायची परवानगी होती. लोकांनी कपडे मागे ठेवले आणि भांडी आणली. कोणी विचारलंच तर सांगतात, ‘नाव घातलेलं आहे, टाकवत नाही.’

सोमवारी वसाहतीचा वर्धापनदिन होता. सगळ्यांचं एकत्र जेवण, आणि त्यासाठी प्रत्येक घरातून भांडी आली. चारशे तीस. जेवणानंतर ती परत पोचवायचं काम ढब्बूकडे होतं. ढब्बू हा वसाहतीचा यंत्रमानव. त्याला सहा हात आहेत, आकार ढब्बू मिरचीचा आहे, आणि तो सांगितलेलं तंतोतंत ऐकतो. हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. त्याचा प्रोग्रॅम लिहायचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. जावा भाषेत. जावा आता शहात्तर वर्षांची आहे, पण इथले हवेचे पंप, दारं आणि ढब्बू अजून तिचंच ऐकतात.

माझा प्रोग्रॅम सोपा होता. ढब्बूने भांड्यावरचं नाव वाचायचं, त्या माणसाचं घर शोधायचं, भिंतीतल्या सामानाच्या नळीवर घराचा क्रमांक दाबायचा आणि भांडं आत सोडायचं. भुस्स. भांडं घरात.

अडचण एकच होती. भांड्यावर एक नाव नसतं. दोनतीन असतात. आणि ज्याला भांडं मिळालं त्याचं नुसतं नाव असतं, ‘चि. प्रभाकर’, ‘सौ. मंदा’. चांदवाडीत नऊ मंदा आहेत. उलट ज्याने दिलं त्याचं आडनावासकट असतं, कारण कोणी दिलं हे जगाला कळायला नको का? तेव्हा मी ढब्बूला सांगितलं, ‘ज्याचं आडनाव असेल तो मालक.’

सव्वातीनला ढब्बूचं काम संपलं. तीन वीसला भांडणं सुरू झाली.

कारण ढब्बूने प्रत्येक भांडं ज्याने भेट दिलं होतं त्याच्या घरी पाठवलं होतं. विचार करा. तुम्ही कोणाला लग्नात पातेलं दिलंत. सोळा वर्षांनी दुपारी झोपला असताना भिंतीतून भुस्स आवाज होतो आणि ते पातेलं तुमच्या घरात येऊन पडतं. चिठ्ठी नाही. काही नाही. अहेर परत!

साडेतीनपर्यंत अकरा घरांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं. दोन घरं ध्वनिक्षेपकावरून बोलत होती, त्यामुळे तो रिकामा नव्हता.

हे सगळं मी सभागृहाच्या दाराआडून ऐकत होते, आणि तेवढ्यात आत्या आली. माझी शकूआत्या वसाहतीचं सामाईक स्वयंपाकघर सांभाळते. ती ओरडत नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“गोदे,” ती म्हणाली, “विरजणाची डबी कुठाय?”

दूध पावडरीचं असतं आणि मोजून मिळतं, म्हणून चांदवाडीत दही फक्त आत्याच लावते. जेवणात सगळं दही कोशिंबिरीत गेलं होतं. उरलेलं तिने त्या डबीत काढून टेबलावर ठेवलं होतं. टेबलावर. भांड्यांशेजारी.

“ढब्बूने नेली,” मी म्हणाले.

“कुठे?”

“शोधते.”

“पाचला वाफघर सुरू होतं.”

मला माहीत होतं. पाणी कमी, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी घरं भांडी भिंतीतल्या कप्प्यात सरकवतात आणि ती उकळत्या वाफेत निघतात. दही लावणारे जिवाणू त्यात एक मिनिटही टिकत नाहीत. पुढचं यान आठ महिन्यांनी. वाफघर थांबवता येतं, पण त्याचे अर्ज मंगळवारी घेतात.

“माझ्या आजोबांच्या बारशातली डबी आहे ती,” आत्या म्हणाली. “डबी गेली तरी चालेल. विरजण परत आण.”

एकशे अठरा घरं, एकेक दार वाजवायचं, प्रत्येकाच्या शिव्या खायच्या. घरटी दोन मिनिटं धरली तरी चार तास. माझ्याकडे सव्वा तास होता. मी ढब्बूला ओढत तांबटआजोबांकडे पळाले. चंद्रावर पळता येत नाही, उड्या मारता येतात. घाईत असलं की डोकं छताला आपटतं. मी चारदा आपटले.

तांबटआजोबांनी पृथ्वीवर तीस वर्षं जावात प्रोग्रॅम लिहिले. निवृत्त झाल्यावर ते इथे आले आणि त्यांच्या आजोबांचा धंदा सुरू केला : भांड्यांवर नावं घालणं. मी पोचले तेव्हा ते एका तांब्यावर मशीन चालवत होते. टर्रर्र.

“आजोबा, लवकर!”

“अक्षर अर्धं ठेवून उठता येत नाही, गोदाबाई.” टर्रर्र. “हं. बोल.”

मी एका दमात सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. हसले असते तर मी रडले असते, हे त्यांना कळलं असावं.

“तुझा भांड्याचा क्लास दाखव.”

क्लास (म्हणजे साचा, एखाद्या प्रकारच्या वस्तूत काय काय असेल याचा आराखडा) मी त्यांच्या पाटीवर लिहिला :

भांडे : आकार, मजकूर, माणूस

“भांड्याच्या साच्यात तीन कप्पे,” आजोबा म्हणाले. “कप्प्याला म्हणायचं फील्ड. या एका साच्यातून ढब्बूने चारशे तीस ऑब्जेक्ट बनवले (म्हणजे साच्यातून घडलेल्या एकेक वस्तू). बरं, या ‘माणूस’ कप्प्यात काय असतं? माणूस मावतो?”

“आजोबा, चार वाजायला आले.”

“मावतो का?”

“नाही! त्यात रेफरन्स असतो.”

“म्हणजे?”

“दोरी. एक टोक भांड्याला, दुसरं टोक माणसाला. दोरी धरून गेलं की माणूस सापडतो. माणसाच्या साच्यात ‘घर’ नावाचा कप्पा आहे, त्यात अजून एक दोरी. ती धरून गेलं की घर. घराच्या कप्प्यात क्रमांक.” मी लिहिलं :

भांडे.माणूस.घर.क्रमांक

“टिंब म्हणजे दोरी धरून एक पाऊल पुढे,” आजोबा म्हणाले. “इथवर ठीक. पण दोरीला नाव काय दिलंस? नुसतं ‘माणूस’. भांड्यापासून किती माणसांकडे दोऱ्या जातात?”

मी डबीवरचा मजकूर आठवला. प्रभाकर. दत्तोबा. यमूताई. “तीन.”

“आणि आज डबी कोणाकडे आहे? म्हणजे असायला हवी?”

“आत्याकडे.” मी थांबले. “तिचं नाव तर वर कुठेच नाही.”

“कसं असेल? मी एकदा कोरलं की कोरलं. मालक मात्र बदलतो. चारही माणसंच आहेत, माणूस हा एकच क्लास. पण नाती चार. देणारा, घेणारा, हस्ते, मालक. चार दोऱ्या, चार नावं. तू चार दोऱ्यांची एकच जाड दोरी वळलीस आणि जो ओढला गेला त्याला मालक केलंस.”

“डबीसाठी वेगळा क्लास करू का?”

“केलास तरी डबी हे एक भांडंच आहे. भांड्याचे सगळे कप्पे तिला आपोआप मिळतील, वर झाकणाचा एक जास्त. डबी भांडं *आहे*, हे एक नातं. डबीला मालक *असतो*, हे दुसरं. ही दोन नाती एकमेकांत मिसळली की काय होतं ते बाहेर ऐकू येतंय.”

बाहेर कोणीतरी म्हणत होतं, “ठेवा तुमची परात तुम्हालाच!”

“हे सगळं कळलं,” मी म्हणाले, “पण डबी कुठाय?”

आजोबांनी ढब्बूकडे मान वळवली. “काय हो, डबी कुठे पाठवलीत?”

“नोंद ठेवण्याची आज्ञा नव्हती,” ढब्बू म्हणाला. तो आयुष्यभर भांड्यांवरचे मजकूर वाचत आलाय, त्यामुळे असाच बोलतो.

“मग घरांना विचारू!” मी म्हणाले. “घराला माहीत असेल आपल्यात कोणती भांडी आली.”

“लिही बघू. घर, टिंब, काय?”

मी लिहायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. घराच्या क्लासमध्ये ‘भांडी’ असा कप्पाच नव्हता. माझ्या सगळ्या दोऱ्या भांड्याकडून घराकडे जात होत्या. घराकडून भांड्याकडे एकही नाही.

“एकतर्फी नातं,” आजोबा म्हणाले. “भांडं घराला ओळखतं, घर भांड्याला ओळखत नाही. उलट यायचं तर घराला भांड्यांची यादी ठेवावी लागते. एका घरात अनेक भांडी, म्हणून एक दोरी पुरत नाही.”

चार दहा झाले होते. मला हातपाय कुठे ठेवावेत कळेना. मी पाटीभोवती उड्या मारत होते.

“सरळच जाऊ मग,” मी म्हणाले. “डबी, टिंब, देणारा. दत्तोबा शेलार. टिंब घर...”

“दत्तोबा शेलार या नावाची व्यक्ती वसाहतीत नाही,” ढब्बू म्हणाला. “कप्पा नल आहे.”

नल (म्हणजे कप्पा आहे, पण त्यातून दोरी कुठेच जात नाही). दत्तोबा पृथ्वीवर होते आणि बहुधा तिथेही नव्हते.

“नलला ‘तुझं घर कुठे’ विचारलं की जावा काय करते?” आजोबांनी विचारलं.

“ओरडते. काम थांबवते.”

“मग ढब्बू थांबला का नाही?”

मला उत्तर माहीत होतं. द्यायचं नव्हतं. प्रोग्रॅम तपासताना जावा सारखी ओरडत होती, म्हणून मी एक ओळ घातली होती : काही चुकलं तर गप्प बस आणि पुढे जा.

मी हे सांगितलं तेव्हा आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. “वसाहतीच्या हवेच्या पंपात असं काही लिहिलेलं नाहीस ना?”

“नाही!”

“बरं. मग नीट बघ. ढब्बू प्रत्येक भांड्यासाठी ‘घर’ नावाच्या एका कप्प्यात उत्तर ठेवतो. डबीच्या वेळी उत्तर आलंच नाही. जावा ओरडली, तू तिचं तोंड दाबलंस. तेव्हा त्या कप्प्यात काय होतं?”

मी उडी मारायची थांबले.

“जुनंच,” मी म्हणाले. “आधीच्या भांड्याचं घर! कोणी पुसलंच नाही ते. डबी आधीच्या भांड्याच्या मागोमाग गेली!” मी ढब्बूचा एक हात धरला. “भांड्यांची यादी आहे ना तुझ्याकडे? उचललीस त्या क्रमाने?”

“आहे. डबी चारशे बारावी.”

“चारशे अकरावं?”

“परात. मजकूर : मावशीकडून.”

आडनाव नाही. नल. म्हणजे परातही आधीच्याच मागे गेली. “चारशे दहा?”

“कळशी. मजकूर : समस्त मित्रमंडळ, गल्ली नंबर तीन.”

मित्रमंडळ हा माणूस नव्हे. “नऊ!”

“पिंप. मजकूर : चोरीस गेल्यास सापडेल तिथे मार खाल.”

“आठ!”

“पातेले. मजकूर : चि. सौ. कां. नलिनी हिस सौ. सुमित्रा पराडकर यांजकडून सप्रेम.”

“पातेले, टिंब, देणारा!”

“सुमित्रा पराडकर.”

“टिंब घर, टिंब क्रमांक!”

“अठ्ठ्याऐंशी.”

“जा,” आजोबा म्हणाले, पण मी निघालेच होते.

अठ्ठ्याऐंशी नंबर पाच मजले खाली. जिन्यात भांडणं उभी होती, त्यांच्या डोक्यावरून उडी मारावी लागली. एका काकांनी हवेतच विचारलं, “तूच ना ती?” मी हवेतच “हो” म्हटलं. पराडकरकाकूंच्या दाराशी पोचले तेव्हा चार अठ्ठेचाळीस झाले होते.

काकूंनी दार बोटभर उघडलं. “नलिनीने पाठवलं तुला?”

“नाही, मी...”

“माझी सख्खी धाकटी बहीण. सोळा वर्षं माझ्या पातेल्यात बासुंदी आटवली आणि आज परत पाठवलं! वर एक परात, एक कळशी, आणि ते पिंप! त्यावर काय लिहिलंय वाचलंस? मला मार देणार ती?”

“काकू, ते ढब्बूने पाठवलं. माझ्यामुळे. मी देणाऱ्यालाच मालक समजले. नलिनीमावशींनी काहीच केलेलं नाही. त्या शोधत असतील पातेलं.”

काकूंचा चेहरा तसाच राहिला, दार मात्र हातभर उघडलं.

“एक छोटी डबी आली होती का? स्टीलची?”

“आली ना. सगळी भांडी मघाशीच वाफघरात सरकवली. मला डोळ्यांसमोर नकोत ती.”

मी भिंतीतल्या कप्प्याकडे झेपावले. त्यावर लाल दिवा होता. कुलूप पावणेपाचलाच लागतं.

“आणि तिच्यातलं दही?” मी विचारलं.

“खाल्लं,” काकू म्हणाल्या. “सहा महिन्यांनी नुसतं दही बघितलं. संतापाने भूक लागते मला. भातात कालवलं, लोणचं घेतलं आणि खाल्लं.”

मी जमिनीवर बसले. चंद्रावर बसायलाही वेळ लागतो, माणूस हळूहळू खाली येतो. तेवढ्या वेळात माझ्या मनात आठ महिने येऊन गेले. ताक नाही. कढी नाही. आत्या ओरडणार नाही.

“अगं, काय झालं? चक्कर आली का?”

“ते विरजण होतं, काकू. चंद्रावरचं सगळं. शेवटचं.”

काकू ओट्याकडे गेल्या आणि ताटलीने झाकलेली एक वाटी उचलून माझ्यासमोर धरली. वाटीत कोमट दूध होतं.

“चमचाभर यात घातलंय,” त्या म्हणाल्या.

“का?”

“का म्हणजे? सगळं दही कोणी खातं का? थोडं विरजायला ठेवतातच.”

“पण तुम्ही तर रागात होतात.”

“राग नलिनीवर होता. दह्याने काय केलंय?”

बरोबर पाचला भिंतीत फस्स आवाज झाला. आत कुठेतरी डबी वाफेत खडखडत होती. रिकामी. आम्ही दोघी वाटीकडे बघत उभ्या राहिलो, जणू बघितल्याने दही लवकर लागतं.

लागत नाही. आठ तास लागतात. आत्या आली, वाटीला हात लावून ऊब बघितली, आपली शाल काढून वाटीला गुंडाळली आणि शेजारी बसली. नलिनीमावशी पातेलं शोधत आल्या, दाराशी बहिणीला बघून थबकल्या. काकू म्हणाल्या, “मी देणारी. मालक तू. ने.” मग दोघी रडल्या आणि मग बासुंदी पातळ होते की नाही यावर पुन्हा भांडल्या.

मला बसवेना. मी तिथेच ढब्बूला पुढ्यात घेऊन प्रोग्रॅम नवा लिहिला. देणारा, घेणारा, हस्ते, मालक : चार वेगळे कप्पे. घराला भांड्यांची यादी. आणि भांडं एका घरातून दुसऱ्या घरी गेलं की दोन्हीकडची नोंद एकदम बदलायची, नाहीतर भांडं म्हणणार मी इकडे आणि घर म्हणणार ते माझ्याकडे नाहीच. ‘गप्प बस आणि पुढे जा’ ही ओळ पुसली. तिच्या जागी लिहिलं : मालक नल असेल तर थांब आणि गोदावरीला विचार.

ढब्बूने त्या संध्याकाळी मला एकशे त्र्याहत्तर वेळा विचारलं.

मंगळवारी सकाळी (चंद्रावर सकाळ एकोणतीस दिवसांनी होते, पण घड्याळात रोज होते) आत्याने शाल सोडली. वाटी तिरकी केली. आतलं हललं नाही. तिने चमच्याच्या टोकाने थोडंसं जिभेवर ठेवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

“आंबट आहे,” आत्या म्हणाली, आणि डोळे पुसले.

मग ती वाटी उचलायला गेली तर काकूंनी हात ठेवला. “चमचाभर माझ्याकडे राहू दे. परत एकाच डबीत सगळं ठेवणार का?”

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी विरजणाचा नवीन क्लास उघडला. त्यात दोनच कप्पे केले. ‘कोणाकडून’ : एक दोरी, मागच्या दह्याकडे जाणारी. आजच्या दह्यापासून टिंब, टिंब, टिंब करत मागे गेलात तर आत्याच्या स्वयंपाकघरातून, यानातून, पार पृथ्वीवरच्या कुठल्यातरी गाईपर्यंत पोचाल. आणि दुसरा कप्पा, ‘कोणाकोणाला’ : यादी. दूध मोजून मिळतं, तरी प्रत्येक घर त्यातून वाटीभर बाजूला काढायला तयार झालं. सातव्या दिवशी यादीत एकशे अठरा घरं होती. आता एका घरातलं विरजण मेलं तर शेजारी कोणाचं जिवंत आहे हे ढब्बू एका टिंबात सांगतो.

काल मंगळावरच्या वसाहतीतून निरोप आला. त्यांच्याकडे साडेतीनशे माणसं आहेत आणि दही नाही. आत्याने पुढच्या यानाने डबी पाठवायची ठरवलंय, आणि तांबटआजोबांनी तिच्यावर काय कोरायचं म्हणून मला विचारलंय. मी म्हटलं, काही कोरू नका, मालक बदलत राहणार.

ढब्बूने विचारलं, मंगळासाठी यादीत जागा आधीच राखून ठेवू का? मी सांगितलं, गरज नाही. जावाच्या यादीत जागा राखावी लागत नाही. कोणी आलं की ती वाढते.